टेप पळायला लागली तेव्हा

टेप ड्राइव्हवर गप्पा मारायला बसलं तर पाच मिनिटांत विषय संपावा. पण आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमधले जुने लोक भेटले की एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होतो!

नव्वदच्या दशकातली आमची शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. रोज दुपारी सगळ्या फायलींची नक्कल टेपवर उतरवायचा बॅकअप लागला की तो संपेपर्यंत सगळ्यांची कामं बंद! टेप जरा पळायची, थांबायची, मागं जायची, पुन्हा पळायची. अकाउंट्सच्या सावंत मॅडम वैतागून म्हणाल्या, "ही टेप हाय का वडापची जीप? दिसला माणूस की थांबतीया!"

आमचा सिस्टिमवाला महांतेश, निपाणीकडचा. तो खुर्चीतनं उडालाच. "अय्यो, बरोबर बोललासा मॅडम! आपण डेटा चिमूट-चिमूट देतोय. एका वेळी जाणारा ब्लॉक मोठा केला तर टेपला थांबायचं कारणच न्हाय!"

*

त्याच दुपारी पठ्ठ्यानं ब्लॉक साइज अशी वाढवली, की ड्राइव्हनं सरळ एरर दिला. साहेब धावत आले. "काय झालं रे?"

"काय न्हाय साहेब, घास मोठा झाला!"

*

मग रोज नवा आकडा. एके दिवशी ती खडखड थांबली आणि एकसारखी घरघर सुरू झाली. मॅडम घाबरल्या, "बंद पडली व्हय?"

"न्हाय ओ, पळतीया!"

चहा फिरून यायच्या आत बॅकअप खलास! साहेबांनी महांतेशला उचललंच. अख्ख्या सेक्शनला मिसळ!

*

आणि एका सकाळी सर्व्हरची डिस्क गेली. गेटवर माल भरलेले ट्रक उभे, चलन निघेना. नवी डिस्क बसवली, टेप घातली, तर ती वाचेना! ज्या ब्लॉकनं लिहिली, तोच आकडा वाचताना द्यावा लागतो. आकडा महांतेशच्या डोक्यात, आणि महांतेश बहिणीच्या लग्नात, हातकणंगल्याला. मोबाइल कुणाकडं होता तेव्हा?

मी मंगल कार्यालयात फोन लावला. मॅनेजरनं रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून माइकवर पुकारलं, "महांतेश पावणं, कंपनीचा फोन हाय! ब्लॉक किती, विचारत्यात!"

तिकडनं महांतेश बेंबीच्या देठापासून ओरडला, "दोनशे छप्पन!"

मी टाइप केलं. टेप जी सुटली, ती थांबेचना! फायली भराभर यायला लागल्या. मॅडम टाळ्या वाजवतायत, साहेब गेटकडं पळतायत, "थांबा रे, चलन येतंय!"

मी फोन ठेवायला गेलो, तर पलीकडनं आचाऱ्याचा आवाज आला,

"दोनशे छप्पन? आन् मला तर दोनशेच पानं सांगितलीती की!"