पाणी कुठं मुरतं

बहीण निवृत्त झाली तेव्हा तिच्या खात्यातल्या लोकांनी छोटासा समारंभ केला आणि मला म्हणाले, "तुम्ही मोठे भाऊ, दोन शब्द बोला." मी हात धुऊन येतो म्हणून जो बाहेर पडलो, तो सगळे घरी निघाले तेव्हाच परतलो. चार माणसांत उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. ते बोलायचं राहिलेलं इथं लिहितो आहे. जन्मभर शिवणाचं मशीन चालवलं, लिहिली ती फक्त गिऱ्हाइकांची मापं. तेव्हा वाकडी शिवण दिसली तर सांभाळून घ्यावं.

माझी बहीण पाणीपुरवठा खात्यात नमुने गोळा करायची. लोकांच्या नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे बघायचं तिचं काम. आज ही गल्ली, उद्या ती, कधी शाळा, कधी दवाखाना. बाटल्या भरायच्या, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचवायच्या. बाटल्यांसाठी जाड कापडाची, खणाखणांची पिशवी मीच तिला शिवून दिली होती. तरी त्या वाजायच्याच. शेजाऱ्यांनी त्यावरून तिचं नाव 'बाटलीबाई' पाडलं.

"काय बाटलीबाई, सकाळी सकाळीच?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आत्ता रिकाम्या आहेत. दुपारी भरल्या की बोलवते!"

नमुना घ्यायची तिची रीत बघण्यासारखी होती. आधी नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, मग त्याला काडी लावायची. नळ चांगला तापला, की थोडा वेळ पाणी सोडून द्यायची आणि मग बाटली भरायची. बाटलीचं झाकण हातातच. ते खाली ठेवायचं नाही, आतून बोट लावायचं नाही. एका घरी चकचकीत नळ बघून तिनं काडी लावली, तर तो प्लास्टिकचा निघाला, वरून नुसता मुलामा. बघता बघता नळानं मान टाकली. त्या घरचे आजोबा खुर्चीतून म्हणाले, "अहो बाई, जिवंत होता तो! एवढ्यात अग्नी दिलात?" त्यांना नवा नळ बसवून दिला, पण तेव्हापासून कुठल्याही नळाला ती आधी नखानं टकटक करून बघायची.

दुसरी तपासणी जागच्या जागी व्हायची. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात कुपीतले थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, म्हणजे जंतू मारायला जे औषध पाण्यात टाकतात ते इथवर शिल्लक आहे. नाही झालं, तर वाटेत कुठंतरी घोळ आहे. थेंब टाकलेलं ते पाणी अर्थातच प्यायचं नसतं, ओतून द्यायचं.

या कामानं तिला एक खोड लागली. परक्या घरचं पाणी ती पीत नसे. स्वतःची बाटली घरून भरून न्यायची. लोक हुशार माणसाला बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात. माझ्या बहिणीनं बारा गावचं पाणी भरलं, प्यायली मात्र घरचंच. या खोडीपायी तिच्या मुलीचं लग्न कसं मोडायला आलं होतं, तेच मला सांगायचं आहे.

मेहुणे लवकर गेले. तेव्हापासून मी, बहीण आणि भाची एकत्र राहतो. माझ्या मागे संसार नाही. भाची एका औषधाच्या दुकानात हिशेब बघायची. तिथली लिफ्ट एकदा मध्येच अडकली आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक मुलगा तिला सोडवायला आला. लिफ्ट सुटली, ही अडकली. मुलगा चांगला होता. दोघांचं ठरलं होतं, आता फक्त मोठ्यांनी एकमेकांना भेटायचं होतं. त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं.

निघायच्या आधी भाचीनं आईला समोर बसवलं. "आई, आज एक ऐक. पाणी देतील ते गुपचूप प्यायचं. वास घ्यायचा नाही, उजेडात धरून बघायचं नाही. आणि टाकी कधी धुतली हे तर अजिबात विचारायचं नाही."

"मी काय वेडी आहे का गं?"

"मामा, हिची पर्स बघ."

पर्समधून नळी आणि थेंबांची कुपी निघाली. "सवयीनं राहिली," बहीण म्हणाली. भाचीनं दोन्ही वस्तू कपाटावर ठेवल्या. चपला घालायच्या गडबडीत त्या परत पर्समध्ये कशा गेल्या ते मी पाहिलं आणि दाराला कुलूप लावलं.

मुलाचे वडील त्यांच्या इमारतीचे सेक्रेटरी होते. त्यांची बायकोसुद्धा त्यांना सेक्रेटरीच म्हणायची. घर अगदी वरच्या मजल्यावर, नीटनेटकं. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी पाण्याचा ट्रे स्वतः आणला.

"आधी पाणी घ्या. या इमारतीचं पाणी प्यायलेला माणूस दुसरीकडचं पीत नाही. साखर आहे साखर! खाली रस्त्यावरच्या नळाला तो औषधाचा घाण वास. आमच्याकडे नावालासुद्धा नाही."

बहिणीनं पेला तोंडाशी नेला आणि हात तिथंच थांबला. मला कारण कळलं. त्याच रस्त्यावरचं पाणी तिनं सकाळी तपासलं होतं आणि ते चांगलं पिवळं झालं होतं. मग रस्ता आणि वरचा मजला यांच्यामध्ये औषध गेलं कुठं?

तिनं पेला खाली ठेवला.

"घ्या ना," मुलाची आई म्हणाली.

"घेते, घेते." बहिणीनं पडद्यांची तारीफ केली. पेला परत उचलला, परत ठेवला. भाची तिच्याकडे टक लावून बघत होती. मी माझा पेला घाबरून केव्हाच रिकामा केला होता.

सेक्रेटरी इमारतीचा रंग कसा त्यांनीच निवडला ते सांगत होते. तेवढ्यात मला टेबलाखाली बहिणीचा हात हलताना दिसला.

"आई!" भाची ओरडली.

दचकून बहिणीचा हात वर आला, नळी सुटली, टेबलावर घरंगळत गेली आणि सेक्रेटरींच्या पेल्याला टेकून थांबली. उरलंसुरलं पाणी काचेसारखं पांढरं. पिवळेपणाचं नाव नाही.

सेक्रेटरींनी नळी उचलली. बोलले ते अगदी हळू आवाजात. "म्हणजे तुम्ही आमचं पाणी जोखायला आलात तर."

दुसरं कुणी असतं तर छे छे म्हणालं असतं. माझी बहीण म्हणाली, "हो. आणि ते काही पिवळं झालं नाही. टाकी धुवेपर्यंत तुम्ही सगळे उकळून प्या बरं का."

त्यानंतर चहा आला, तो घाईघाईनं संपवून आम्ही निघालो.

घरी पोचलो तोच मुलाचा फोन. भाची ऐकत राहिली, मग फोन ठेवून खाली बसली. "त्याचे बाबा म्हणताहेत, आमच्या घरचं पाणी ज्यांना चालत नाही, त्यांना आमचा मुलगा कसा चालेल? तो त्यांना समजावतोय, पण ते ऐकत नाहीत. झालं तुझ्या मनासारखं?"

बहिणीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "उद्या रीतसर नमुना घ्यावा लागेल."

"आई, निदान दुसऱ्या कुणाला तरी पाठव!"

"दुसरा जाईल, बाटली भरेल, खराब निघालं तर खात्याची नोटीस टाकून येईल. मग ते जन्मभर म्हणतील, विहीण आग लावून लपून बसली. माझी मी जाते."

"आणि माझं लग्न?"

"लग्न तू त्याच्याशी करणार, टाकीशी नाही. पण पाणी तुला त्याच टाकीचं प्यायचंय ना?"

भाची उठून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण मला म्हणाली, "दादा, चल माझ्याबरोबर. तू शेजारी असलास की लोक आरडाओरडा करत नाहीत. तुझ्याकडे बघून त्यांना दया येते."

सेक्रेटरींनी दार उघडलं, पण 'या' म्हणाले नाहीत. बहीण त्यांना आधी खाली घेऊन गेली. रस्त्यावरून इमारतीत जिथं पाणी येतं, तिथल्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळं धमक. मग त्यांच्या स्वयंपाकघरातलं घेतलं. ढिम्म.

"तुमचं ते यंत्र बिघडलं असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"यंत्र कुठलं, थेंब आहेत. चला, गच्चीवर जाऊ."

गच्चीत दोन टाक्या होत्या. एकीचं झाकण दगड लावून अर्धवट उघडं ठेवलेलं.

"हे उघडं कुणी ठेवलं?"

"मीच," सेक्रेटरी म्हणाले, आणि राग विसरून त्यांचा आवाज खुलला. "माझी युक्ती आहे ही. एक टाकी भरायची आणि चार-पाच दिवस तशीच ठेवायची. झाकण उघडं, म्हणजे औषधाचा वास उडून जातो. तोवर दुसरी वापरायची. पाणी असं चांगलं मुरू द्यायचं. मुरलं की गोडी येतेच, कशालाही."

बहिणीनं आत डोकावून पाहिलं. मीही पाहिलं. कडेनं हिरवट शेवाळ आणि मधोमध कबुतराचं एक पीस, होडीसारखं तरंगत.

"मुरू देता?" बहीण म्हणाली.

"हो, मुरू देतो."

तिनं ओठ दाबून धरले, पण शेवटी हसू फुटलंच. "माफ करा हं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडून ऐकत आले, कुठंतरी पाणी मुरतंय, कुठंतरी पाणी मुरतंय. मुरतं कुठं, ते आज बघायला मिळालं!"

मला वाटलं, संपलं. आता हे आपल्याला जिन्यावरून ढकलणार. पण मागून खळखळून हसण्याचा आवाज आला. मुलाची आई आमच्या मागोमाग वर आली होती.

"हसतेस काय?" सेक्रेटरी तिच्यावर उखडले. "तुझ्यासाठीच केलं ना! चहाला औषधाचा वास येतो म्हणून तूच कुरकुरत होतीस."

"एकदा म्हणाले होते, एकदा! तेव्हापासून पोट धरून बसतेय, ते नाही दिसलं तुम्हाला? डॉक्टर म्हणतात काळजीनं दुखतंय, काळजी करू नका, आणि मी मेली काळजी कसली करतेय हेच शोधत बसले!"

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. बहिणीनं मग हसणं थांबवून समजावून सांगितलं, "अहो, तो वास म्हणजे राखणदार आहे. तुम्ही राखणदाराला हाकललंत आणि वर दारही उघडं ठेवलंत. मग कोण आत शिरलं, ते बाटली सांगेल."

टाकीखालच्या नळाला तिनं नखानं टकटक केलं. लोखंडी होता. काडी लावली, बाटली भरली. सेक्रेटरी बाजूला हात बांधून उभे होते. निघताना म्हणाले, "ठीक आहे." बस, एवढंच.

अहवाल आला तो 'पिण्यास अयोग्य' असाच. नोटीस घेऊन बहीण पुन्हा स्वतःच गेली, आणि दया यावी म्हणून पुन्हा मी बरोबर. सेक्रेटरींनी ती उभ्यानं वाचली, सही केली, टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"तुम्ही पेला खाली ठेवलात ना," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, यांना आमचं घरच पसंत नाही."

"घर पसंत आहे. पडदेसुद्धा."

त्यांनी नोटिशीची घडी घातली. "मग आता तुम्हाला बाई म्हणायचं, की विहीणबाई?"

"आज बाई म्हणा. टाक्या धुवा, झाकणं बंद ठेवा, मुरवणं सोडा. दुसरा नमुना चांगला आला, की काय म्हणायचं ते बघू."

रविवारी टाक्या धुतल्या. लिफ्टवाला आत उतरला, भाची वरून घासणी आणि पावडर देत होती, मी बादल्या ओढत होतो आणि सेक्रेटरी सगळ्यांना सूचना करत होते. "कोपरा राहिला! अरे कोपरा!" गोल टाकीला कोपरा कुठून असणार, पण मुलगा आपला घासत राहिला. दुसरा नमुना 'पिण्यास योग्य' आला. आमचा होकार त्यांच्याकडे गेला तो असा, खात्याच्या शिक्क्यानिशी.

मग तारीख ठरवायला ते आमच्या घरी आले. मी टेबलावरच्या पाण्याच्या जगमधून पेले भरून पुढे केले. सेक्रेटरींनी पेला उचलला आणि तोंडाला न लावता खाली ठेवला. शर्टाच्या खिशातून नवीकोरी नळी काढली, कुपी काढली. सावकाश थेंब टाकले. नळी खिडकीकडे धरली.

आम्ही सगळे बघत होतो. पाणी काही पिवळं होईना.

बहीण त्या जगकडे बघू लागली. तो जग ती आदल्या दिवशीच भरून ठेवायची. आणि त्याच्याशेजारी तिची ती बाटली होती, परक्या घरचं पाणी प्यायला नको म्हणून शहरभर मिरवलेली. ती रोज त्याच जगमधून भरली जायची.

"विहीणबाई," सेक्रेटरी एकेक अक्षर चघळत म्हणाले, "इथं पण मुरतंय वाटतं."

भाची हसता हसता खुर्चीवरून घसरली. बहीण कानापर्यंत लाल झाली. बायकोचं हसणं आवरेपर्यंत सेक्रेटरी शांतपणे बसून राहिले, जिंकलेल्या माणसासारखे. बहीण उठली, जग घासला, नळाखाली धरून ताजं पाणी भरलं आणि नवा पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यातलंही थोडं नळीत घेऊन तपासलं. पिवळं झालं. मग उरलेला पेला त्यांनी घटाघटा संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"औषधाचा वास येतो हो."

"येऊ दे!" दोन्ही विहिणी एकदमच म्हणाल्या.