उसनं लुगडं

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतून पंचगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत कुलसुम पिंजारणीचं एका खणाचं घर होतं, आणि त्या घरामुळे गल्लीला बोलायला कधी विषय कमी पडला नाही. पिंजण वाजवायची ती बाप्यानं, बाईनं कापूस झाडायचा नि गादीला टाके घालायचे, अशी रीत. इमाम पिंजारी अंथरुणाला लागला आणि कुलसुमनं नवऱ्याची ती कापूस पिंजायची भलीमोठी कमान स्वतःच्या खांद्यावर घेतली, त्या दिवशी बायकांनी तोंडाला पदर लावले. पदराआड हसणाऱ्यांतली एक तरी तिला विचारायला गेली का, की बाई, आज चूल पेटली का तुझी? उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातंय!

महाराजांनी राधानगरीकडं धरणाचं काम काढलं, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. इमामला तेव्हा चाळीसही झाली नव्हती. वीस वर्षं पिंजलेला कापूस त्याच्या छातीत जाऊन बसला होता. पिंजाऱ्यांची समजूत अशी, की संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला म्हणजे नाकातोंडात गेलेला कापूस खाली बसतो. कोल्हापुरात गुळाला काय तोटा? इमामनं इमानेइतबारे वीस वर्षं गूळ खाल्ला, आणि कापूसही तितक्याच इमानानं साठत गेला. आता उंबऱ्यापासून परसापर्यंत जायचं तर त्याला मध्ये एकदा बसावं लागे. ओठ जांभळे पडत. दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "कापूस असेल त्या घरात राहू नका. राहिलात तर फार पावसाळे निघणार नाहीत."

डॉक्टर चुकीचं काही बोलला नव्हता. पण ज्या कापसानं माणूस मरत होता त्याच कापसावर घरची भाकरी भाजत होती. उन्हाळ्यात कुलसुम दारात पिंजायची. पावसाळ्याचे चार महिने मात्र आढ्याला कमान टांगून घरातच पिंजावं लागे, आणि त्या एका खणात तिकडल्या भिंतीला तोंड करून, नाकावर ओलं फडकं घेऊन इमाम पडलेला असे. कमानीच्या ताणलेल्या तातेवर दांडक्याच्या प्रत्येक ठोक्याला पांढरा भुगा उडायचा. तो कुठं जातोय ते कुलसुमला दिसायचं. दांडका खाली ठेवला तर पोरं उपाशी, आणि उचलला तर नवरा गुदमरतोय. इकडं आड, तिकडं विहीर, असं लोक सहज बोलून जातात. कुलसुमनं त्या दोहोंच्या मधल्या काठावर दोन पावसाळे काढले.

मग बाहेर, लोकांच्या दारी जाऊन का पिंजत नव्हती? पोरांमुळे. थोरला गौस अकरा वर्षांचा, जन्माचा बहिरा नि मुका. नजीरा नऊ वर्षांची, पण समज तीन वर्षांच्या लेकराची. गल्ली तिला खुळी म्हणायची. तिला पाण्याचं भारी वेड. जरा नजर चुकली की ती हसत-हसत उताराला लागायची, आणि उतार संपला की पंचगंगा. दोनदा परटांनी तिला घाटावरून ओढून आणली होती. तेव्हापासून जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी तिच्या कमरेला बांधलेली असे आणि दुसरं टोक इमामच्या मनगटाला. ती उठली की त्याच्या हाताला हिसका बसायचा.

आजारी माणसाचं घराला ओझं होतं असं लोक म्हणतात. या घरात ते आजारी माणूसच घर धरून होतं. गौसशी बोलायला इमामनं हाताच्या खुणा बसवल्या होत्या. छातीवर दोन बोटं म्हणजे ये, कपाळाला हात म्हणजे आई दमलीय, आवाज करू नको. आता त्याला आवाज काय कळायचा! पण बाप सांगतोय म्हणून तो पाय न वाजवता चालायचा. नजीराला बापाशिवाय घास जात नसे. धाप लागली असताना तो तिची बोटं मोजत बसायचा, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्याला खोकला आला की पुन्हा एकपासून. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

हुपरीहून त्याची थोरली बहीण सुलतानबी आली, ती भावाला बघून दारातच खाली बसली. तिचा नवरा बागवान. गावाबाहेर मळ्यात घर, मोकळी हवा. "इमाम, चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "हितं ऱ्हाऊन मरशील."

"आनि पोरास्नी कोन बघंल?"

"पोरास्नी बी न्हेलं असतं रं. पन मळ्यात उघडी हीर हाय, बिनकठड्याची. ही पोरगी एक दिस तरी जगंल का तितं?"

इमाम हसला आणि मनगटाची पट्टी वर करून दाखवली. विषय संपला. कुलसुम तेव्हा काही बोलली नाही. जा म्हणायला हवं होतं. पण हा गेला तर ही दोन लेकरं सांभाळून पिंजायचं कसं, हेच तिला उमगत नव्हतं. पुढं आयुष्यभर तिला स्वतःचा राग आला तो या गप्प बसण्याचा.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी नजीरा उठली. इमामच्या हाताला हिसका बसला, पण त्याला उठता येईना. हाक मारायला छातीत वारा नव्हता. पोरगी ओढतेय आणि बाप अंथरुणासकट फरफटतोय, हे कुलसुमनं कमानीवरून मान वर केली तेव्हा दिसलं. तिनं दांडका टाकला. तिथंच तिचं ठरलं.

"चार म्हयनं जावा हुपरीला, आपांकडं," ती म्हणाली. "पावसाळा तेवढा काढा. दसऱ्याला मी सवता आनायला येते."

"पोरं?"

"चार म्हयनं मी बघीन. मरत्यात का चार म्हयन्यांत?"

इमाम गेला. नजीरा गाडीमागं धावली आणि पट्टीनं अडकून पडली, कारण दुसरं टोक आता कुलसुमच्या कमरेला होतं.

ते चार महिने कसे गेले ते तिचं तिला माहीत. ठोका घालायचा, हिसका बसला की थांबायचं, पोरीला बसवायचं, पुन्हा ठोका. जी गादी दिवसात व्हायची तिला तीन दिवस लागायचे. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची. शेजारच्या झुंबरबाईनं मात्र, हिनं तोंडाला कधी पदर लावला नव्हता, सांजच्याला दोन भाकऱ्या जास्त थापायला सुरुवात केली आणि त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. नजीरा रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर बसायची, रस्त्याकडं बघायची आणि म्हणायची, "बा?" कुलसुम म्हणायची, "दसऱ्याला."

दसरा आला. झुंबरबाईचा नवरा केरबा गाडी घेऊन हुपरीला निघाला होता, त्यानं कुलसुमला घेतलं. येताना इमामला आणायचा. पोरं झुंबरबाईकडं ठेवली. निघताना कुलसुमच्या ध्यानात आलं, की आपल्या लुगड्याच्या दोऱ्यादोऱ्यात कापूस बसलाय. इतक्या लांबच्या वाटेत शेजारी बसून त्याला खोकला लागायचा. ती नदीवर डोक्यावरून न्हाली, केस तीनदा विंचरले आणि झुंबरबाईचं सणासुदीचं हिरवं लुगडं मागून घेऊन नेसली.

मळ्याच्या वाटेवरूनच तिनं त्याला पाहिलं, आणि आधी ओळखलंच नाही. तो विहिरीवरून घागर घेऊन येत होता. भरलेली घागर! गाल भरले होते. गाडी दिसताच त्यानं घागर ठेवली, आत गेला आणि बांधलेलं गाठोडं घेऊनच बाहेर आला. ते चार दिवसांपासून बांधून ठेवलं होतं, असं सुलतानबी हसत म्हणाली.

कुलसुम गाडीतून उतरली. त्याच्या ओठांकडं बघत राहिली. ते चांगल्या माणसासारखे लाल होते. लग्नात पाहिले होते तसे. मग तिला तो एक खण दिसला, आढ्याची कमान दिसली, ओलं फडकं दिसलं. आपण याला मारायला न्यायला आलोय, असं तिला स्वच्छ वाटलं.

इमाम तिच्याकडं बघत होता. पंधरा वर्षांत त्यानं तिच्या केसांत कापूस नाही असा दिवस पाहिला नव्हता. नजर लुगड्यावरून फिरली, काठावर थांबली.

"नवं लुगडं?" त्यानं विचारलं.

झुंबरबाईचं हाय, उसनं आणलंय, एवढं म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं की तो गाडीत बसला असता.

"व्हय," ती म्हणाली.

"कापूस न्हाई कुटं अंगाला."

"पिंजत न्हाई मी आता. दुसरं काम घावलंय. बरं चाललंय आमचं."

त्यानं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "नजीरा जेवती का?"

"जेवती की. झुंबरमावशीच्या हातानं जेवती. पोरं रमल्यात. तुमची सय बी काढत न्हाईत."

सुलतानबीचं हसू मावळलं. केरबा बैलांच्या शिंगांकडं बघायला लागला. त्याला सगळं माहीत होतं, आणि त्यानं तोंड उघडलं नाही, याबद्दल कुलसुमनं पुढं त्याला जन्मभर दुवा दिला.

"मग निगायचं का न्हाई?" इमामनं विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"कशाला? हितं बरं हाय की तुमचं. तितं येऊन काय करनार तुमी?"

त्याला खोकल्यानं गुदमरताना तिनं खूपदा पाहिलं होतं. आता खोकला नव्हता, तरी तो तसाच दिसला. मग मान हलवून तो आत गेला. गाठोडं सोडल्याचा आवाज तिला बाहेर आला. परतीच्या वाटेवर गाडीत ती रडली, पण डोळे पुसायला पदर घेतला नाही. लुगडं लोकाचं होतं.

त्यानंतर इमाम हुपरीला नऊ वर्षं जगला. बहिणीच्या मळ्यात वांगी खुरपायचा, बाजाराला जायचा. कुलसुम येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एकच निरोप धाडायची, आम्ही सुखात हाय. पोरांना घेऊन ती कधी गेली नाही. नजीराला पाहिल्यावर तो राहिला नसता. ती एकटीही गेली नाही, कारण दुसऱ्यांदा तेच खोटं बोलायचं बळ तिच्यात नव्हतं. नवऱ्याला टाकलेली बाई म्हणून गल्लीनं तिला नऊ वर्षं नावं ठेवली. गौस मोठा झाला, कमान त्यानं घेतली. तात त्याला ऐकू येत नसे, पण हाताला कळायची, आणि कापूस असा पिंजायचा की नाकं मुरडणारी गिऱ्हाइकं परत आली. तोवर कुलसुमलाही संध्याकाळी खोकला यायला लागला होता. नजीरा अठराची झाली, आणि दिवेलागणीला उंबऱ्यावर बसायची ती बसतच राहिली.

मोठ्या तापाची साथ आली त्या साली केरबा एका सकाळी दारात उभा राहिला. इमाम गेला होता. छातीनं नाही, तापानं, तीन दिवसांत. छाती शेवटपर्यंत साफ होती.

कुलसुमनं या वेळी दोन्ही लेकरं गाडीत घातली. मळ्याच्या दारात सुलतानबी आडवी आली. "आता आलीस व्हय? नऊ वर्सं तुला वाट घावली न्हाई!"

नजीरा तिच्या बाजूनं आत शिरली. गर्दीतून कुणालाही न विचारता सरळ गेली आणि त्याच्या उशाला बसली. नऊ वर्षांत तिनं ते तोंड पाहिलं नव्हतं. "बा," ती म्हणाली, "ऊट. चल घरला."

सुलतानबी वळून बघतच राहिली. "तू तर म्हनालतीस, पोरं सय काढत न्हाईत."

"रोज काढायची, आपा. एक सांज चुकली न्हाई तिची."

"मग त्याला सांगितलं का न्हाईस गं?"

"सांगितलं असतं तर हितं ऱ्हायला असता व्हय त्यो?"

सुलतानबी भिंतीला धरून खाली बसली. मग म्हणाली, "मी शिव्या घालायची तुला. त्यो एकदाबी वाईट बोलला न्हाई. म्हनायचा, सुखात हाईत ती, आपली अडगळ कशाला त्येंच्यात."

कुलसुमला वाटलं होतं, तो रागात असेल. रागावलेला माणूस बरा असतो. अडगळ समजून माणूस नऊ वर्षं जगला, हे तिला आज कळलं.

जनाजा उचलायची वेळ झाली. उचलण्याआधी बायकोनं नवऱ्याला चार माणसांत माफ करायचं, निकाहात त्यानं कबूल केलेली मेहेरची रक्कमसुद्धा, अशी रीत. एक म्हातारी पुढं आली. "बाई, मेहेर माफ केला म्हन. समदं माफ केलं म्हन."

"माफ केला," कुलसुम म्हणाली. "समदं माफ केलं."

एवढ्यावर तिनं उठायचं होतं. पण ती उठली नाही. त्याच्या तोंडावर वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता तुमी मला करा की वो."

माणसं दारात ताटकळली. ती तशीच वाकून बसली होती, काहीतरी ऐकू येईल अशी. अखेर त्या म्हातारीनंच हाताला धरून तिला बाजूला घेतलं, आणि गौसनं पुढचा खांदा दिला.