गवत कापणारा म्हातारा

उत्तर स्पेनच्या डोंगरात सकाळपासून चालत होतो. समोरची करडी शिखरं इतकी लख्ख दिसत होती की मला त्यांचाही संशय आला. उतारावर गवत कापणारा एक म्हातारा आम्हाला बघून ओरडला आणि लांब दांड्याच्या विळ्याने मागची पायवाट दाखवू लागला.

“अहो, वाट चुकलोय आपण,” बायको म्हणाली.

“त्याच्या जावयाचं हॉटेल असेल तिकडे.”

सख्ख्या भावाने दुकानातून बाहेर काढल्यापासून मी कुणाच्या सांगण्यावरून वळत नाही. नकाशा काढून पडताळला. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. आभारासाठी हात वर केला, तोवर त्याने पाठ फिरवली होती.

पुढे बायको वाटभर शिखरांचं कौतुक करत राहिली. मी मात्र धुमसत होतो, माणूस खरा निघाला म्हणून.