तोच प्रश्न तिसऱ्यांदा

“ऑपरेटर झोपला होता की नाही?” पर्सोनेल मॅनेजरनी गणपतला दुसऱ्यांदा विचारलं.

मी पेणची वकील. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत डोमेस्टिक एन्क्वायरी चालवत होते. कामगाराला काढण्याआधी कंपनीच्या आतच एक छोटं कोर्ट भरवावं लागतं, ते हे. न्यायाधीशाच्या जागी एन्क्वायरी ऑफिसर, म्हणजे मी. नेमणूक कंपनीची, फीसुद्धा कंपनीची. निकाल काय हवा ते कुणी सांगत नाही, पण चहाबरोबर काजू आले की कळतं.

आरोप असा, की ऑपरेटर शिफ्टमध्ये झोपला म्हणून रिअ‍ॅक्टर तापला. शाबीत झालं तर त्याची नोकरी गेली. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. “आमाला काय म्हाईत नाय. गणपत तिथं व्हता, त्यालाच इचारा.”

‘त्यालाच विचारा’ हे मी त्याच सकाळी गाडीत वाचलं होतं, पण वेगळ्याच पुस्तकात.

माझी स्टेनो मार्था रोज बायबलमधल्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचते. त्या दिवशी तिचा चष्मा घरी राहिला. टायपिंगला तिला डोळे लागत नाहीत, वाचायला लागतात. म्हणून मी वाचून दाखवला, योहानाचा नववा. येशू एका जन्मांधाला दृष्टी देतो. मला वाटलं, चमत्काराची गोष्ट असेल. निघाली एन्क्वायरी. अधिकारी त्या माणसाला बोलावतात, मग आईबापांना. आईबाप घाबरून म्हणतात, त्यालाच विचारा. मग परत तोच माणूस, तोच प्रश्न. तो वैतागतो, एकदा सांगितलं ते तुम्ही ऐकत नाही म्हणतो. शेवटी त्याला हाकलतात. देवाधर्माचं मला फार कळत नाही, पण आधीच ठरलेला निकाल कळतो. मला संताप आला.

“हाकललाच ना शेवटी,” मी पुस्तक मिटत म्हटलं.

“पुढं वाचा मॅडम,” मार्था म्हणाली. “हाकलल्याचं कळल्यावर येशू त्याला शोधून काढतो.”

गणपत कासू गावचा, कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर. अशाला गेटवर अडवायला कारण लागत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं.

“नव्हता झोपला,” तो म्हणाला. “अलार्म सारखा वाजतो म्हणून मेन्टेनन्सनं वायरच काढलेली. मगाशी सांगितला ना साहेब. परत कशाला इचारता?”

मॅनेजर माझ्याकडे वळले. “साक्षीदार गोंधळलाय, मॅडम. पुन्हा विचारतो.”

हा आमच्या धंद्यातला रिवाज. उत्तर बदलेपर्यंत विचारायचं आणि बदललेलं तेवढं टाइप करायचं.

“गोंधळलेला नाही,” मी म्हटलं. “मार्था, त्याचं उत्तर घे. जसंच्या तसं.”

आरोप शाबीत नाही, असा निकाल मी दिला. ऑपरेटर राहिला. मला त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही, आणि गणपतला गेटवरूनच परत पाठवलं.

ते कळल्यावर मी कासूला उतरले आणि विचारत विचारत त्याच्या घरी गेले.

“ही कंपनीचीच बाय ना गो?” त्याच्या आईने सुनेला विचारलं.

“आता नाही,” मी म्हटलं.

गणपतने लेबर कोर्टात कंपनीवर केस केली आणि त्याच्या बाजूने मी साक्षीला उभी राहिले. अलार्मची वायर काढलेली, असं तो एन्क्वायरीत खरंच म्हणाला होता का, कंपनीच्या वकिलांनी विचारलं. म्हणाला होता. त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाला होता. ते तिसऱ्यांदा तोंड उघडायला लागले.

“दोनदा सांगितलं, वकीलसाहेब. आपण ऐकत नाही.”

गणपत कामावर परत गेला. नव्या वकिलांना मी एवढंच सांगते, साक्षीदाराला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू नका. तोवर त्याची भीती संपलेली असते.