बावीस सोप्या वाटा

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची एक कचेरी होती. तिथून दरवर्षी एक पातळ पुस्तिका निघायची. रानातल्या आणि नदीकाठच्या सोप्या वाटा, एकूण बावीस. कोणत्या थांब्यावर उतरायचं, कोणत्या फाटकातून आत शिरायचं, पूल कुठे, वळण कुठे आणि परत यायला किती वेळ लागेल, हे सगळं लिहिणारा माणूस एकच. हुद्दा मोजणीदार. पण कचेरीत सगळे त्याला सोपेसाहेब म्हणत, कारण प्रत्येक वाटेच्या डोक्यावर तो न चुकता एकच शब्द लिहायचा, 'सोपी'.

वय सत्तावन्न. एकोणीस वर्षं तो त्याच बावीस वाटा चालत होता. थंडी सरली की अंतर मोजायचं चाक पुढे ढकलत निघायचं, कुठे झाड आडवं पडलंय ते वहीत टिपायचं, पुसट झालेले पिवळे बाण पुन्हा रंगवायचे. सुरुवातीला त्याला रानाचं अप्रूप होतं. मग पायांना वाटा पाठ झाल्या आणि मान वर करायचं राहूनच गेलं. संध्याकाळी घरी आला की दारातच बसून तो बूट काढायचा आणि एक बूट हातात धरून बराच वेळ तसाच बसायचा.

घरी मोठी बहीण होती. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात छत्तीस वर्षं उभं राहून ताईनं चादरींना इस्त्री केली आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "तुझ्या त्या वाटांपैकी एखादी दाखव की मला. सोपी बघून."

"सगळ्याच सोप्या आहेत," तो म्हणाला. "पण रविवारी नको गं. सुट्टीच्या दिवशी मी तुला इस्त्री करायला लावली तर चालेल का?"

"तुझे सदरे मी इतकी वर्षं कोणत्या दिवशी करत आले?"

तो पुस्तिका उघडून बसला.

त्यानं चौथी वाट निवडली. बावीसांतली ही सगळ्यात गरीब वाट. थांब्यापासून रानाच्या कडेनं खाली उतरायचं, नदी लागली की पाण्याच्या सोबतीनं पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडून पलीकडच्या झाडीतून थोडं चढून परत. पुस्तिकेत लिहिलं होतं दीड तास.

उतार संपेपर्यंतच पाऊण तास गेला. ताई पाय आडवा टाकत, फांद्यांना धरत उतरली. नदीशी पोचल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बसायचं कुठे?"

एकोणीस वर्षांत या वाटेवर तो कधी बसला नव्हता. शेवटी पाण्याकडे झुकलेल्या एका वाळुंजाच्या झाडाच्या मुळावर ती टेकली. समोरून निळं काहीतरी सपकन गेलं.

"तो कोण?"

"खंड्या."

"पुस्तिकेत नाही लिहिलास?"

"तो काय एका जागी थांबतो का?"

पुलावर ती पुन्हा बसली, फळ्यांच्या कडेला, पाय खाली सोडून. मग चढ आला. पुस्तिकेत 'थोडा चढ' एवढंच होतं. ताई दहा पावलं टाकायची आणि थांबायची. अर्ध्यावर तिनं एका झाडाला पाठ लावली. चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता.

"हे 'थोडा' कोणी लिहिलंय?"

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. वर पोचले तेव्हा सव्वाचार तास झाले होते. बस निघून गेली होती, पुढची दोन तासांनी. थांब्याजवळच्या कठड्यावर ताई त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. त्यानं वाकून हळूच तिच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या. पायमोज्यांच्या वरून मांस फुगून आलं होतं. त्याला उगीचच आठवत राहिलं की पुस्तिका दरवर्षी हातोहात संपते. ती घेऊन जाणाऱ्यांत कुणाकुणाचे पाय असे असतील, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

सोमवारी त्यानं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे त्याची वरिष्ठ, वयानं बरीच लहान, पण स्वभावानं वाईट नव्हती.

"वेळा चुकल्यात," तो म्हणाला. "सगळ्या पुन्हा बघायला हव्यात."

"तुमच्या चालीनं बरोबर आहेत ना?"

"माझ्या चालीनं आहेत."

"मग काय, सगळ्यांवर 'अवघड' लिहायचं? येईल का कुणी?" तिनं कपाळ चोळलं. तिच्या टेबलावरही कागदांचा ढीग होता. "वेळा राहू देत. बसायच्या जागा कुठे आहेत तेवढं लिहा हवं तर. पण कचेरीच्या वेळेत नाही जमायचं."

म्हणजे पुन्हा रविवार. त्यानं घरी सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "मी येते. मी नसले तर तुला कुठे दमायचं ते कसं कळणार?"

असे अकरा रविवार गेले. पायांची सूज ध्यानात ठेवून ते दर खेपेला अर्धीच वाट करत आणि उरलेली तो शनिवारी दुपारनंतर एकटा बघून येई. चाक ताईच ढकलायची, कारण त्याच्या दांड्यावर भार टाकता यायचा. ती थांबली की तो वहीत लिहायचा. रुंद बुंधा, दोघांना पुरेल. सपाट दगड, सावली नाही. पडक्या गिरणीचा चौथरा, मुंग्या आहेत. मुंग्यांचं ताईनंच लिहायला लावलं. नवव्या वाटेवर दरीत इतकी शांतता होती की तिला आवडेना. मशिनं चालू नसली की काहीतरी बिघडलंय असं वाटतं, म्हणाली. सातवीवर ती घसरली आणि मनगट सुजलं, तरी पुढच्या रविवारी आलीच.

अकराव्या वाटेवरून परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आता पुरे रे."

"दुखतंय का?"

"दुखतंय ते आहेच. पण मला कंटाळा आला. पाणी, झाडं, पाणी, झाडं. मी आपली घरी पडून राहीन. राग नाही ना येणार तुला?"

त्याला राग नाही आला. खरं तर इतक्या वर्षांत ते वाक्य त्यालाच म्हणायचं होतं, पण कुणाला म्हणणार?

उरलेल्या अकरा वाटा त्यानं एकट्यानं केल्या. ताईनं बजावलं होतं, "घड्याळ लाव. वीस मिनिटं झाली की बस, दमला नसलास तरी." तो बसायचा. पहिल्या एकदोन वाटांवर नुसती चुळबूळ व्हायची. पण पंधराव्या वाटेवर, नदीच्या वळणावरच्या एका ओंडक्यावर बसला आणि त्याला उठवेना. आजारबिजार काही नव्हता. फक्त एकोणीस वर्षांचा शीण एकदम पायांत उतरल्यासारखा झाला. तो तिथेच आडवा झाला आणि झोपला. जाग आली तेव्हा सदऱ्यावर पानं पडली होती आणि सूर्य झाडांमागे गेला होता. ओंडका त्यानं वहीत लिहिला. झोपल्याचं लिहिलं नाही.

नवी पुस्तिका आली. वेळा जुन्याच होत्या, माथ्यावर 'सोपी'ही होतंच. बसायच्या जागा बारीक टायपात, पानाच्या तळाशी गेल्या होत्या. 'थोडा चढ' मात्र त्यानं खोडला होता. तिथे आता होतं, 'दोनशे दहा पावलं चढ, मध्ये एकदा टेकायला जागा'. मॅडमनी ते कापलं नाही. ताईनं चष्मा लावून सगळी पानं पाहिली, मुंग्यांचं आहे का ते शोधलं आणि पुस्तिका फ्रिजवर ठेवून दिली.

पुढचा रविवार खूप महिन्यांनी मोकळा आला. तो उठलाच नाही. ताई दोनदा दारातून डोकावून गेली. दुपारी एकच्या सुमाराला तो स्वयंपाकघरात आला आणि टेबलाशी बसला.

"जेवण गरम करू?"

"थोड्या वेळानं," तो म्हणाला.

तिनंही गडबड केली नाही. समोरची खुर्ची ओढली, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि दोघं बसून राहिली.