चेटकिणीला शेजारी नसतात

तिचं पोट मरण्यावर चालायचं. कानांनी ऐकायच्या जादूच्या कादंबऱ्यांना ती आवाज द्यायची, आणि तिच्या वाट्याला कायम चेटकीण. या कादंबऱ्यांचा न्यायही बघण्यासारखा. पुरुषाला जादू आली की त्याला पांढरी दाढी येते, शिष्य येतात, राजे सल्ला विचारायला येतात. बाईला जादू आली की नाकावर मस येतो आणि शेवटच्या प्रकरणात तिला जाळतात. तरुण असली तर आधी केस मोकळे सुटतात, एवढाच फरक. ती आजवर जळली होती, बुडाली होती, भाल्यावर चढली होती. एकदा तर मुंडकं उडाल्यावरही लेखकाने तिच्या तोंडी दीड पान शाप घातला होता.

मरायचा सराव ती दुपारी घरीच करायची. सुरुवातीला एक नवा भाडेकरू काठी घेऊन धावत आला, तर अख्खी इमारत त्याला हसली. मग किंकाळ्या सगळ्यांच्या अंगवळणी पडल्या. लोक तिला लाडाने चेटकीणबाई म्हणू लागले, आणि तिच्या नवऱ्याला चेटकिणीचा नवरा.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. कारखान्यातलं काम सुटलेलं, घर बायकोच्या किंकाळ्यांवर चाललेलं, त्यात दुकानदारसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. आधी त्याने थोबाडीत मारली, मग पट्टा काढला. असल्या बाबतीत त्याचं डोकं बरं चालायचं. सरावाची वेळ बघूनच तो दाराला कडी लावायचा. बक्कल पाठीत घुसायचं, ती 'वाचवा, वाचवा' ओरडायची, आणि खालच्या मजल्यावर मावशी शिलाई मशीन चालवत ऐकत बसायच्या.

या मावशी काही रक्ताच्या नव्हेत, पण माया तशीच. एकदा जिन्यात तिला थांबवून म्हणाल्या, "काल फार छान मेलीस गं. काटा आला अंगावर."

खरं ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण लाज ही अशी मेली गोष्ट, की मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्यालाच वाटते. जमलं बरं, असं काहीतरी पुटपुटून ती वर गेली.

नव्या कादंबरीत तिला सगळ्यात मोठं काम मिळालं आणि मुखपृष्ठावर तिचं नाव छापून आलं, त्या दुपारी त्याचं डोकं फिरलं. लाटण्याने त्याने तिचं बोट मोडलं. केस धरून कपाळ ओट्यावर आपटलं. रक्ताने तिचा एक डोळा मिटला. मग छातीवर गुडघा रोवून त्याने गळा धरला. हा आज सोडत नाही, हे तिला कळलं. होता नव्हता तो जीव लावून ती किंचाळली, पण खालचं मशीन चालूच राहिलं.

आपण ओरडतोय ते सगळं पुस्तकातलंच आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. शाप झाले, विनवण्या झाल्या, लेखकांनी बाईच्या मरणातला एक शब्द शिल्लक ठेवला नव्हता. पण त्यांच्या चेटकिणीला आई नसते, बहीण नसते, शेजारीण नसते. ती जंगलात एकटी राहते आणि एकटी मरते.

तिने त्याचा अंगठा हाडापर्यंत चावला. तो कळवळून मागे सरला, तशी ती भाजीवाल्याला थांबवायच्या साध्या आवाजात ओरडली, "मावशी, वर या. हा मला खरंच मारतोय."

मशीन थांबलं. जिन्यात पावलं वाजली. इमारतीतल्या दोघांनी खांदे मारून दार पाडलं तेव्हा त्याचे हात पुन्हा तिच्या गळ्यावर होते. मावशींनी कापड कापायची कात्री त्याच्या दंडात मुठीपर्यंत खुपसली.

पोलिसांनी विचारलं, इतके महिने कुणाच्या कानावर आवाज कसा आला नाही? सगळे खाली बघू लागले.

"आला ना," मावशी म्हणाल्या. "मी तर दाद द्यायचे."

मग त्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यातलं पुस्तकातलं किती होतं गं?"

तिचा गळा सुजला होता, आणि खरं सांगायचं तर ते आता तिलाही वेगळं काढता येत नव्हतं.