माजरीवाल्या बाई आणि माझी मैना

माजरीवाल्या बाईंनी कुत्र्याला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. कुत्रं कितीही लांब असो, त्या नुसत्या पाठ फिरवायच्या आणि चालू लागायच्या. जरा पुढे गेल्या की ते कुत्रं धापा टाकत त्यांच्या पायाशी आलेलं असायचं. इकडे मी शिट्ट्या मारायचो, नाव घेऊन ओरडायचो, शेवटी शिव्यांवर यायचो आणि घसा बसवून घ्यायचो. बाई म्हणायच्या, "काऊन ओरडून राह्यला रे रवी? ते का बहिरं हाय? ज्याले तुह्यासंगं यायचं हाय, ते तुले चाललेलं पाहूनच येते." मला त्यांचा हेवा वाटायचा. आजही वाटतो, त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो तरी हात जरा आखडताच चालतो आहे.

बाईंचे यजमान माजरीच्या कोळसा खाणीत पहाऱ्याची कुत्री सांभाळायचे. नोकरीतून काढलेलं एक म्हातारं जर्मन शेफर्ड ते क्वार्टरवर घेऊन आले आणि ते बाईंच्या गळ्यात पडलं. तिथून बाईंना जे वेड लागलं ते लागलंच. यजमान वारल्यावर त्यांनी आमच्या गावाबाहेर, वरोऱ्याच्या रस्त्यालगत, जमिनीचा तुकडा घेऊन घर बांधलं. दारात निळा झेंडा, समोरच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, आणि मूर्तीसमोरच्या गार फरशीवर पसरलेली त्यांची शेफर्ड कुत्री, बेबी. कुत्र्यांची नावं त्या माणसांसारखी ठेवायच्या. कुणी टायगर नाव ठेवलं की हसायच्या. "इथी टायगर का कमी हाय, अजून एक घरात पोसता?"

आम्ही कुरमार. मेंढ्या आमच्याकडे बाबांच्या आजोबांपासून आहेत. मी वरोऱ्याला बी.ए. केलं, दोन-तीन ठिकाणी नोकरीची वाट पाहिली आणि परत कळपामागे आलो. पूर्वी चरायला पडीक रानं होती. आता दोन्ही बाजूंना कापूस नाहीतर सोयाबीन, आणि मधल्या पांदणीच्या वाटेने, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून कळप न्यायचा. एका मेंढीने कापसात तोंड घातलं की तिच्यामागे सगळ्या. मग शेतकरी काठी घेऊन येणार, बाबा हात जोडणार. आमची गावठी कुत्री लांडग्यावर भुंकायला पक्की, पण मेंढीला वळवणं त्यांच्या बापजाद्यांनी केलं नव्हतं. एका वर्षी तीन शेतकऱ्यांनी वाट बंद केली तेव्हा बाबा म्हणाले, "आता अजून एक तक्रार आली तं कळप विकून टाकतो. तू पाहाय तुह्यं." कळप गेला तर मी काय पाहणार होतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हे बाईंच्या कानावर गेलं आणि एके दिवशी सकाळी त्या बेबीला घेऊन आमच्या मेंढ्यांच्या वाड्याशी हजर. "जय भीम, भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या, "हे कुत्रं मेंढ्यासाठीच जनमलेलं हाय. लोकायनं त्याले गेटावर बांधून ठेवलं." मोबाइलवर त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा मेंढपाळाचे व्हिडिओ पाहिले होते. भाषा कळत नव्हती, म्हणून आवाज बंद करून नुसते कुत्र्याचे पाय पाहत बसायच्या. कुत्रं मेंढ्यांच्या मागे धावत नव्हतं. शेताच्या कडेने येरझारा घालत होतं, आणि मेंढ्या त्या कडेच्या आत चरत होत्या. "चालतं कुंपन हाय, भाऊ," बाई म्हणाल्या. बाबांनी आयुष्यात कुणाचं एवढं मन लावून ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बी.ए.ला पास झालो तेव्हा त्यांनी "बरं" म्हटलं होतं.

पिल्लू निवडायची बाईंची रीत न्यारी होती. वर्षाला दोनदा पिल्लं काढणाऱ्यांचा त्यांना संताप यायचा. "कुत्री हाय का मशीन?" नर शोधायला त्या नागपूरपर्यंत जायच्या, आणि ज्याची कंबर मागे उतरलेली असेल तो कितीही देखणा असला तरी नापास. "हा फोटोत उभा राह्याले चांगला. आपल्याले दिवसभर चालनारा पाह्यजे." पिल्लं जरा मोठी झाली की त्यांच्यात मुद्दाम स्टीलचं ताट आपटायच्या. काही पिल्लं पळून जायची, काही भुंकायची. बेबीच्या वेताला एक काळसर मादी आधी पळाली, मग थांबली, मग परत येऊन तिने ताट हुंगलं. "हे," बाई म्हणाल्या. "भेलं, पन विचार करून वापस आलं." ती मैना. मैना मला मिळाली असं मी लोकांना सांगायचो. बाबा लगेच दुरुस्त करायचे, "बाईनं देल्ली."

शिकवण मेंढ्यांशिवायच सुरू झाली, यातच माझा अर्धा धीर संपला. बाईंनी मला रिकाम्या शेतात नांगराचं एक लांब तास ओढायला लावलं. मैनाला दोरी बांधून बाई रोज त्या तासातून चालायच्या, स्वतः काठावर, मैना तासात. बाहेर पाय पडला की बाई थांबायच्या. ओढायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. मैनाने पाय आत घेतला की पोळीचा तुकडा आणि पुढे. मी म्हणालो, "बाई, हे तं सरकस हाय. मेंढ्या कवा आणायच्या?" त्या म्हणाल्या, "तुले घाई हाय, तिले नाई." बाबा धुऱ्यावर बसून हे सगळं बघत, आणि मी दोरी हातात घेतली की तोंड वळवत. माझ्या हातात मैना तासात चालायची खरी, पण मान वाकडी करून बाई कुठे आहेत ते बघत चालायची.

मग म्हाताऱ्या, शांत मेंढ्या तासाच्या आतल्या बाजूला सोडल्या. मग कोकरांच्या आया. मेंढीने हट्ट केला तर मानेला किंवा मांडीला धरायचं, पण लोकरीखाली दात लागू द्यायचे नाहीत, हे मैनाला बाईंनी कसं शिकवलं ते मी समोर उभा असूनही मला कळलं नाही. "धरायचं, फाडायचं नाई," एवढंच त्या म्हणायच्या, आणि मैनाला ते कळायचं. तास गेलं, धुरा आला. धुऱ्याच्या कडेने मैना अशी चालायची की पलीकडच्या कापसाचं पान हलायचं नाही. चंद्रपूरकडचं ऊन म्हणजे काही गंमत नाही, त्या दाट केसांच्या जनावराला तर नाहीच. म्हणून काम सकाळी आणि उतरत्या उन्हात, आणि मधल्या वेळी मैना बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलेली. बंद झालेल्या वाटा एकेक करून उघडल्या. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवायला स्वतः बोलवायला लागले. कळप माझा, घाम माझा, आणि गावात नाव निघायचं ते "माजरीवाल्या बाईचं कुत्रं" असं.

मीही पाठ फिरवून बघितली. कुणी पाहत नाही अशी जागा धरून, बाईंसारखाच सावकाश वळलो आणि चालू लागलो. वळून बघायचं नाही असा मनाशी निश्चय. नाल्यापर्यंत गेलो. पायाशी काही येईना, तेव्हा बघितलं तर मैना मेंढ्यांजवळ आरामात बसलेली, आणि हा माणूस एवढ्या घाईने कुठे निघाला, असा चेहरा. संध्याकाळी बाईंना बोललो नाही, पण त्यांना कुणीतरी सांगितलंच. त्या म्हणाल्या, "तू चालला, पन तुह्यं मन तिच्याकडंच पाहून राह्यलं होतं. तिले समजते ना." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एकच चूक बाईंच्या हातून झालेली मला आठवते, आणि ती मी जपून ठेवली आहे. ऐन बोंडं फुटायच्या दिवसांत त्या सहज कळपाकडे आल्या, धुऱ्यावर उभं राहून बाबांशी बोलल्या, आणि बोलणं संपलं तशा घरी जायला वळल्या. नुसत्या वळल्या. मैनाच्या लेखी ती हाक होती. ती कामावरून उठली आणि त्यांच्या मागे गेली. उघड्या पडलेल्या बाजूने सगळा कळप कापसात. शेतकरी ओरडत आला, मी आणि बाबा धावलो, बाई धावल्या, मैना आमच्यापेक्षा वेगाने धावली, तोपर्यंत व्हायचं ते नुकसान झालं होतं. मला मनातून फार वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. आज तरी बाबा बाईंना ऐकवतील, असं वाटलं. बाई स्वतःच म्हणाल्या, "चूक माही हाय, भाऊ. मी पाठ फिरवली." आणि माझे बाबा, ज्यांनी मला दोरीची गाठ चुकली म्हणून चारचौघांत झापलं होतं, ते म्हणाले, "होते, बाई. मानूस हाय." त्या शेतकऱ्यालाही त्यांनीच समजावलं. कळप विकायचं नावही निघालं नाही.

तेव्हापासून मैना कामावर असली की बाई येतच नसत. आल्याच तर नाल्यापलीकडे झुडपाआड बसून बघायच्या आणि मैना पाण्यावर गेली की गुपचूप निघायच्या. पण वाऱ्याने वास यायचा. मैनाचे कान तिकडे फिरायचे, शेपूट एकदा हलायचं, आणि ती पुन्हा धुऱ्याने चालू लागायची. माझ्यासाठी ते शेपूट कधी तसं हललं नाही. मी रोज तिच्या भाकरीत दूध घालायचो, गोचिड्या काढायचो, तापात तिच्याजवळ बसलो होतो. हे सगळं मी बाईंना एकदा रागाने ऐकवलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग तिले सांग ना. मले काऊन सांगतो?"

गेल्या हिवाळ्यात बिबट्याने बेबीला अंगणातून उचललं. सकाळी बाई पट्टा हातात घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही गेलो तरी उठल्या नाहीत. नागपूरहून मुलगी आली आणि म्हणाली, आता इथे एकटीने राहायचं नाही. गुडघेही गेले होते. बाईंनी वाद घातला नाही. घराला कुलूप लागणार हे नक्की झालं, त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "मैना त्यायची हाय. त्यायले नेऊ दे." माझा तोल सुटला. "आन कळप? कळप कोन सांभाळन?" बाबा म्हणाले, "मैनाची माय गेली, आता हे एकच राह्यलं बाईच्या घरचं." मला झोप लागली नाही. मैना गेली तर वाटा बंद, वाटा बंद तर कळप विकायचा, हे होतंच. पण त्याहून जास्त सलत होतं ते हे की बाई नुसत्या वळल्या तरी मैना जाणार, आणि मला कुणी विचारणारही नाही.

निघायच्या सकाळी मुलीची गाडी रस्त्यावर थांबली. आम्ही तिथूनच जवळच्या शेतात चारत होतो. बाई पांदणीने काठी टेकत आल्या आणि धुऱ्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. मैना त्यांच्यासमोर येऊन थांबली, धुऱ्याच्या अलीकडे, कारण कामावर असताना धुरा ओलांडायचा नाही हे त्यांनीच शिकवलेलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाबा म्हणाले, "घेऊन जा, बाई. तुमची हाय." मी काठी घट्ट धरून उभा होतो.

बाई म्हणाल्या, "फ्लॅटात काय राखन ते, भाऊ? सोफा?" मग माझ्याकडे बघून, "रवी, दुपारचं पानी चुकवू नको तिचं. आन ओरडू नको." मैनाच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण हात थोडा पुढे आला. पण तो त्यांनी मागे घेतला आणि जायला निघाल्या.

त्यांनी पाठ फिरवली नाही. त्या उलट्या चालत गेल्या. मैनाकडे तोंड ठेवून, एक पाऊल मागे, मग दुसरं, काठीने मागची जमीन चाचपत. गुडघे गेलेली बाई पांदणीच्या चाकोऱ्यांतून, दगडांतून उलटी चालत होती. एकदा तोल गेला. बाबा धावले आणि त्यांच्या मागे उभं राहून सांगू लागले, "डाव्या हातानं या... दगड हाय... आता चढ हाय, बाई." असं करत दोघं रस्त्यापर्यंत गेले. मुलगी गाडीतून उतरून बघत राहिली, तिला काही कळेना. बाई गाडीत शिरल्या त्याही मागच्या मागे, दार लागेपर्यंत चेहरा आमच्याकडेच. मैना कान उभे करून धुऱ्यावर उभी होती. तिला निघण्याची खूण मिळालीच नव्हती. गाडी गेली, रस्ता रिकामा झाला, तेव्हा एक मेंढी कापसाकडे सरकली आणि मैना वळून कामाला लागली.

आता मैना माझ्या मागे येते. मी पाठ फिरवून चालू लागलो की थोड्या वेळाने पायाशी असते, आणि गावात तिला रवीची मैना म्हणतात. एवढी वर्षं मला हेच हवं होतं. पण त्या सकाळपासून बाईंचा हेवा जरा मागे पडला आहे. बाई त्या पांदणीतून अडखळत, उलट्या पावलांनी जाताना दिसतात आणि मला मैनाचाच हेवा वाटतो. ती इथेच राहावी म्हणून तिच्यासाठी कुणीतरी तसं चाललं होतं.